पॉट्ससाठी (POTS, उभं राहिल्यावर नाडी खूप वाढण्याचा आजार) गोळ्या चालू असताना पुन्हा हृदयगतीची चाचणी केली, ती नॉर्मल आली. मग आजार बरा झाला का?

नाही, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. पॉट्समध्ये झोपलेल्या स्थितीतून उभं राहिल्यावर 10 मिनिटांत नाडी मिनिटाला 30 ठोक्यांनी तरी वाढते आणि वाढलेली राहते (12 ते 19 वयात 40), रक्तदाब मात्र फारसा पडत नाही. प्रोप्रॅनोलॉल किंवा इव्हाब्रॅडीन या गोळ्या नेमकी हीच वाढ दाबतात. म्हणजे गोळी घेऊन वाढ 15 आली तर गोळी काम करतेय, इतकंच कळलं. पॅरासिटामॉल घेऊन ताप मोजण्यासारखंच हे.

तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा, चाचणी कशासाठी? डोस पुरतो का हे बघायचं असेल तर गोळ्या चालू ठेवूनच करतात. निदान पुन्हा तपासायचं असेल तर औषध काही काळ थांबवावं लागू शकतं, पण ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. प्रोप्रॅनोलॉल स्वतःहून एकदम बंद करू नका. नाडी आणि रक्तदाब उसळतात, हृदयाला धोका होऊ शकतो. हे गंमतीत घेऊ नका.

आणखी एक, जे बरेचजण विसरतात: पॉट्समध्ये नाडीची वाढ सकाळी जास्त दिसते. पहिली चाचणी सकाळी आठला आणि दुसरी दुपारी चारला, वर मिठाचं पाणी पिऊन, पायात घट्ट मोजे घालून केली असेल तर तुलनाच चुकली, कारण मिठाचं पाणी आणि मोजेही ही वाढ कमी करतात. रिपोर्टवर शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहून घ्या.

आणि चक्कर, धडधड कमी झाली का? मी तर आकड्याआधी तेच विचारेन.