यूएसबीवर चालणारे छोटे डेस्कटॉप स्पीकर घ्यावेत का?

ऑनलाइन क्लास, मीटिंग, बातम्या यांसाठी जरूर घ्या. गाण्यातला ढोलकी-तबल्याचा घुमारा हवा असेल तर नको. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टवर ५०० मिलीअँपिअर, म्हणजे जेमतेम २.५ वॅट मिळतात. त्यामुळे खोक्यावर छापलेल्या पीएमपीओच्या (क्षणभराच्या कमाल ताकदीच्या) मोठमोठ्या आकड्यांकडे बघूच नका, आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी ताकद बघा. शिवाय स्पीकरमधला थरथरून आवाज काढणारा दोन इंची पडदा खर्जासाठी पुरेशी हवा हलवू शकत नाही. बोलणं मात्र छान स्पष्ट येतं, कारण शब्द कळायला ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा पुरतो. जुन्या लँडलाइनचं काम त्यावरच चालायचं. घरघर ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा दोष स्पीकरचा नसतो. हे सगळं यूएसबीवाल्यांबद्दल. स्वतंत्र अडॅप्टरचे, चार इंची पडद्याचे स्पीकर गाण्यांनाही चालतात.