हलका सीटपोस्ट: ग्रॅम खालून काढा, वरून नको

मागच्या अंकात माउंटन बाइकच्या हलक्या सीटपोस्टचा, म्हणजे सीट ज्यावर बसते आणि जी फ्रेमच्या नळीत सरकते त्या दांडीचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख सारखाच आहे: किती ग्रॅम वाचतील, आणि वाचवलेले ग्रॅम अंगाशी तर येणार नाहीत ना? म्हणून या वेळचं सदर सगळं सीटपोस्टलाच देते आहे.

प्रश्न: माझं वजन 84 किलो. हार्डटेलवर (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या बाइकवर) 31.6 मिमी व्यासाचा, 400 मिमी लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट आहे. काट्यावर तो 340 ग्रॅम भरतो. दोनशे ग्रॅमच्या आसपासचा कार्बन फायबरचा घ्यावा असं फार मनात आहे, पण ऐन उतारावर मोडला तर काय, या विचाराने हात आखडतो. सोबतचे रायडर दोन्ही बाजूंनी बोलतात. तुम्ही काय सुचवाल?

आधी आहे तोच पोस्ट बाहेर काढा. सीट नेहमीच्या उंचीवर असताना फ्रेमच्या काठाशी पोस्टवर टेपचा तुकडा चिकटवा, मग पोस्ट उपसून टेपच्या खाली किती लांबी आहे ते मोजा. 400 मिमीपैकी 200 मिमी बाहेर असेल, तर उरलेला 200 मिमी फ्रेमच्या आत आहे. त्यातला 120 मिमी कामाचा. बाकीचा 80 मिमी तुम्ही प्रत्येक चढावर उगाच वाहून नेता. 31.6 मिमी व्यासाची, अडीच मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियमची नळी सेंटीमीटरला साधारण सहा ग्रॅम भरते. आठ सेंटीमीटर कापले की पन्नासेक ग्रॅम गेले. नव्या पोस्टने जे 140 ग्रॅम वाचणार होते, त्यातला एक तृतीयांश वाटा हॅकसॉनेच मिळाला. शिवाय जिथे ताण येतो त्या भागाला हातही लागला नाही.

माझं या बाबतीतलं मत पक्कं आहे. ग्रॅम काढायचे ते खालच्या टोकातून. सीटच्या रेल्स, म्हणजे तिच्या खालच्या दोन सळ्या, जिथे आवळल्या जातात ते वरचं हेड, आणि फ्रेमच्या काठाच्या वर-खाली दोन-तीन बोटं एवढा भाग, या दोन जागा मला भरभक्कमच हव्यात. माझ्या हाताखालून गेलेले मोडके पोस्ट याच दोन जागी मोडलेले होते. कारणही सरळ आहे. तुमचं सगळं वजन वरच्या टोकाला बसतं आणि पोस्ट वाकायला बघतो तो फ्रेमच्या काठावर. बाहेरची लांबी 15 सेंटीमीटरवरून 20 केली, की तेवढ्याच वजनाचा त्या काठावरचा ताण एक तृतीयांशाने वाढतो. त्यात हेड मागे झुकलेलं असेल तर आणखी भर. हलका पोस्ट निवडताना नुसता ग्रॅमचा आकडा बघू नका. आपला पोस्ट बाहेर किती राहतो तेही धरा. उंच रायडर आणि लहान फ्रेम अशी जोडी असेल, तर अतिहलक्या पोस्टच्या वाटेला मी जाऊ देणार नाही.

कापण्याआधी एवढं बघा की कंपनीने कापायला मनाई केलेली नाही. पोस्टवर छापलेली किमान खोलीची खूण खालच्या टोकापासून मोजलेली असते. टोक कापलं की ती खूण निकामी होते. नवीन टोकापासून 100 मिमी मोजून स्वतः पक्क्या शाईने खूण करा. पोस्ट फ्रेमच्या आडव्या नळीच्या जोडाखालीही उतरलेला हवा. जोड खोल असेल तर 100 मिमीची खूण विसरा आणि जोडाचं ऐका, नाहीतर पोस्ट वाचतो आणि फ्रेम तडकते.

आता कार्बनचं. 84 किलोला कार्बन चालत नाही, असं काही नाही. मी स्वतः हार्डटेलवर कार्बनचाच वापरते, सरळ हेडचा, दोन बोल्टांचा. पण तो माउंटन बाइकसाठी आहे असं कंपनीने लेखी सांगितलेलं असावं आणि रायडरच्या वजनाची मर्यादा तुमच्या वजनाच्या बरीच वर असावी. ती बघताना पाठीवरची बॅग आणि पाणीही स्वतःच्या वजनात धरा. काही फार हलके पोस्ट फक्त डांबरी रस्त्यासाठी बनवलेले असतात आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आयएसओ 4210 या सायकल सुरक्षेच्या मानकात सीटपोस्टच्या चाचण्या आहेत. पोस्ट त्या मानकाला उतरलेला आहे एवढं तरी बघून घ्या.

तुमची भीती मी उडवून लावणार नाही. अ‍ॅल्युमिनियम बहुतेक वेळा आधी वाकतं, निदान वाकल्याचं दिसतं. कार्बन मात्र बाहेरून धड दिसत असताना आतून गेलेला असू शकतो. म्हणून कार्बनचा पोस्ट मधूनमधून बाहेर काढून बघायचाच. फडक्याने कोरडा पुसा, उजेडात आडवा धरा आणि फ्रेमचा काठ जिथे टेकतो त्या गोल खुणेवरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवा. नुसत्या घासल्याच्या पांढुरक्या रेषेवर नख घसरून पुढे जातं. जिथे ते अडकतं, जिथे धागे उसवल्यासारखे टोचतात, तिथे शंका घ्या. एका रायडरने माझ्याकडे आणलेल्या पोस्टवर अशीच केसाएवढी आडवी रेघ होती. पेडल मारताना ‘टक’ असा आवाज येतो, एवढीच त्याची तक्रार होती आणि आवाज आला की तो क्लॅम्प, म्हणजे पोस्टला फ्रेममध्ये आवळणारं कडं, आणखी आवळत होता. नळीत वाळू गेली होती, क्लॅम्पची कड पोस्टमध्ये रुतली होती आणि त्याच ओळीवर रेघ धरली होती. तो पोस्ट मी परत बसवला नाही, तुम्हीही बसवू नका. रेघ सापडली की दुरुस्तीचा विचारच नको.

प्रश्न: ताई, नवा कार्बन पोस्ट दर राइडला बोटभर खाली सरकतो. क्लॅम्प किती आवळू?

आणखी आवळू नका. पोस्ट आणि फ्रेमची नळी दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, नळीच्या आत काठीला फडकं गुंडाळून जितकं खोल जाईल तितकं. आधीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पोस्टला लावलेलं ग्रीस आत राहून गेलेलं असतं आणि बहुतेक वेळा घसरण्याचं मूळ तेच निघतं. मग कार्बन पेस्ट लावा. तिच्यात बारीक कण असतात, ते पकड देतात, त्यामुळे कमी जोरातही पोस्ट धरून राहतो. टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) 4 न्यूटन-मीटरला सुरुवात करा, सीटवर जोराने बसून बघा, घसरला तरच 5 ला जा. क्लॅम्पवर आणि फ्रेमवर लिहिलेल्या आकड्यांपैकी जो लहान, ती तुमची हद्द.

एवढं करूनही सरकत असेल तर व्हर्नियर घ्या आणि पोस्टचा व्यास मोजा. 27.0 आणि 27.2 हे दोन वेगवेगळे पोस्ट आहेत, डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि त्या 0.2 मिमीत सगळी पकड जाते. क्लॅम्पची फट फ्रेमच्या फटीच्या विरुद्ध बाजूला फिरवून बघा, म्हणजे दाब एकाच रेषेवर न पडता सगळीकडून येतो. कार्बनवर खटक्याचा क्विक रिलीज क्लॅम्प मी लावू देत नाही, त्याचा जोर मोजताच येत नाही.

प्रश्न: फ्रेम 31.6 ची आहे. शिम (पोस्ट आणि फ्रेममधली जागा भरणारी पातळ नळी) घालून 27.2 चा पोस्ट लावला तर पाठीला बसणारे दणके कमी होतात असं एक रायडर सांगतो. खरं आहे का?

खरं आहे, पण फरक किती जाणवेल ते बाइकवर आहे. जाडी सारखी धरली तर 31.6 चा अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट 27.2 पेक्षा दीडपटीहून जास्त ताठ असतो. हार्डटेलवर, पोस्ट वीतभर किंवा जास्त बाहेर असेल, तर बारीक पोस्टची लवचिकता बसल्या बसल्या कळते. लांबच्या राइडनंतर कंबर सांगते. फुल सस्पेन्शनवर हा खटाटोप करू नका, तिथे मागचा शॉक ते काम आधीच करतो. आणि हार्डटेलवरही आधी मागच्या टायरची हवा थोडी कमी करून बघा. त्याने पडणारा फरक पोस्टच्या फरकापेक्षा मोठा असतो आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही.

शिम घेतलीत तर 80 ते 100 मिमी लांबीची घ्या. आखूड शिमने पोस्ट एकाच कड्यावर डोलतो आणि तिथेच ताण साठतो. पोस्ट अधिक शिम असं मिळून वजन करा. हलकेपणाचा बराच भाग शिम परत घेते, हे ध्यानात असलेलं बरं.

प्रश्न: मी पै-पै करून बाइक हलकी केली. आता सगळे ड्रॉपर (बाइकवर बसल्या बसल्या सीट खाली-वर करता येणारा पोस्ट) लावायला सांगतात. तो तर साध्या पोस्टच्या दुपटीहून जड! एवढ्या मेहनतीवर पाणी का सोडू?

तुमच्या वाटा कशा आहेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं उत्तर तिथे आहे. ड्रॉपर साधारण 500 ते 800 ग्रॅमचा असतो. उघड्या, लांब चढांच्या आणि सोप्या उतारांच्या वाटांवर तुमचा हलका पोस्टच राहू दे, मी बदलायला सांगणार नाही. पण उताराच्या तोंडाशी थांबून, उतरून सीट खाली करावी लागत असेल, किंवा सीट वर ठेवूनच पोटाला धडका घेत उतरत असाल, तर वाचवलेले तीनशे ग्रॅम तुम्हाला वेगही देत नाहीत आणि सुरक्षितताही. सीट खाली गेली की शरीर खाली आणि मागे न्यायला जागा मिळते, वळणात बाइक तुमच्या खाली मोकळी झुकते. ते ज्याने एकदा अनुभवलं, तो वजनाचा हिशेब वेगळा मांडतो.

ही गरज काही आजची नाही. 1984 साली जो ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी हाइट-राइट नावाची साधी स्प्रिंग आणली होती. क्लॅम्प ढिला करून अंगाच्या वजनाने सीट खाली दाबायची आणि उठलं की स्प्रिंग तिला परत वर आणायची. आता तर रस्त्यावरच्या शर्यतींतही ड्रॉपर पोचला. 2022 ची मिलान–सान रेमो शर्यत मातेय मोहोरिचने जिंकली ती पोजिओ टेकडीच्या उतारावर, ड्रॉपर लावलेल्या रोड बाइकवर. जिथे ग्रॅमग्रॅमचा हिशेब होतो तिथल्या रायडरने उतारासाठी जास्तीचं वजन पत्करलं, हे मला फार बोलकं वाटतं. क्रॉस-कंट्रीच्या शर्यतींतही तो आता नेहमीचा झाला आहे.

घेण्याआधी फ्रेमची सीट ट्यूब (पोस्ट बसतो ती नळी) सरळ किती खोल जाते ते मोजा. मधे बाक असेल किंवा बाटलीच्या स्टँडचे बोल्ट आत आलेले असतील तर लांब ड्रॉपर बसणारच नाही. 27.2 च्या फ्रेमसाठी पर्याय कमी आणि खाली जाण्याची लांबीही कमी.

प्रश्न: हेडचे स्टीलचे बोल्ट काढून टायटॅनियमचे लावू का?

नको. दोन बोल्टांत मिळून सहा-सात ग्रॅम वाचतात आणि सीट ज्याच्या जिवावर आहे तो भाग कमकुवत होतो. पुढचा बोल्ट तुटला की सीटचं नाक वर उचललं जातं आणि तुम्ही मागे ढकलले जाता. पोस्टसोबत आलेल्या मापाचे आणि दर्जाचेच बोल्ट ठेवा, पाव-पाव फेऱ्याने आलटून-पालटून आवळा. सीटच्या रेल्स कार्बनच्या, लंबगोल असतील तर हेडचा क्लॅम्पही 7 बाय 9 च्या मापाचा लागतो. 7 मिमीच्या गोल रेलसाठीच्या क्लॅम्पमध्ये त्या बसतात असं वाटतं, पण कडेने चिरडल्या जातात.

प्रश्न: पोस्ट करकरतो. ग्रीस लावू का?

पोस्टच करकरतो हे आधी नक्की करा. सीटवरून उठून, उभं राहून पेडल मारा. आवाज तसाच राहिला तर बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्या ज्यावर फिरतात ते बेअरिंग) आणि पेडल तपासा. उभं राहिल्यावर गेला तर तो पोस्टचा नाहीतर हेडचा. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट धातूच्या फ्रेममध्ये असेल तर साफ करून ग्रीस लावा. कार्बन असेल तर फक्त कार्बन पेस्ट. कार्बनचा पोस्ट अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये असेल तर तो मधूनमधून काढून, पुसून परत बसवत जा, नाहीतर ओलाव्याने अ‍ॅल्युमिनियम गंजून पोस्ट आतच धरतो. एवढ्याने आवाज गेला नाही तर हेड पूर्ण सोडा, रेल जिथे बसते ती खाच आणि बोल्टांचे आटे पुसा, आट्यांना थोडं ग्रीस लावून टॉर्क रेंचने आवळा.