'देवघेव' : अडतीचा शब्द विद्येला चालतो का?

खानापूरच्या एका शिक्षकांनी विचारले आहे की, एका विद्यार्थ्याने निबंधात 'व्यापारी नगरांत मालाबरोबर कलेची आणि विद्येचीही देवघेव होते' असे लिहिले होते. त्यांच्या सहकाऱ्यांनी 'देवघेव' हा अडत दुकानातला शब्द म्हणून खोडला आणि त्या जागी 'आदानप्रदान' घातले. यांपैकी योग्य शब्द कोणता?

शब्द म्हणून दोन्ही शुद्ध आहेत. तरीही खोडलेला शब्दच त्या वाक्याला अधिक शोभत होता, असे माझे मत आहे.

'देवघेव' बाजारातून आलेला आहे, यात वाद नाही. बेळगावच्या रविवार पेठेत तो आजही रोकड आणि उधारीच्या अर्थानेच ऐकू येतो. परंतु विद्येसाठी बाजाराची भाषा वापरल्याने विद्येला कमीपणा येत असता, तर ज्ञानेश्वरांनी बाराव्या अध्यायाच्या आरंभी गुरुकृपेकडे पुढील मागणी केलीच नसती :

इये मऱ्हाठियेचिया नगरीं । ब्रह्मविद्येचा सुकाळु करीं ।
घेणें देणें सुखचिवरी । हों देईं या जगा ॥

ही ओवी आपण नेहमी सुटी उद्धृत करतो आणि त्यामुळे तिच्या आधी काय आले आहे ते नजरेआड होते. आधीच्या ओव्यांत साहित्याच्या सोन्याच्या खाणी उघडायला सांगितले आहे, प्रमेयांची उद्याने लावायला सांगितले आहे, पाखंडाच्या दऱ्या आणि वाग्वादाच्या आडवाटा मोडून कुतर्कांची दुष्ट सावजे दूर करण्याची विनवणी आहे, आणि त्यानंतरच नगरी, सुकाळ व घेणेदेणे येते. खाण, बाग, निर्धोक वाट आणि शेवटी भरलेली पेठ हा क्रम व्यापारी नगर वसण्याचाच क्रम आहे. घाटातून बैल हाकणाऱ्या कोणालाही तो समजावून सांगावा लागला नसता. येथे ज्ञानेश्वरांनी 'सुकाळु' हा शब्द योजला आहे, हे मला विशेष वाटते, कारण सुकाळ एकट्याच्या कोठारात होत नाही, तो गावाला होतो.

ज्ञानेश्वरी शके 1212 म्हणजे इसवी सन 1290 मधली. तिच्या सुमारे पंच्याऐंशी वर्षे आधीचे उदाहरण आपल्या घराशेजारीच आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती ही जैन बसदी, म्हणजे जैन मंदिर, 1204 मध्ये रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने बांधली, तेव्हा गावाचे नाव वेणुग्राम होते. छताला लटकलेले ते दगडी कमळ राजाश्रयाचे खरे; पण त्या काळच्या कन्नड शिलालेखात, लाळ म्हणजे गुजरातकडच्या आणि मलयाळी व्यापाऱ्यांसह जमलेल्या वाण्यांनी बाजारातल्या मालावर या बसदीसाठी देणगी बांधून दिल्याचीही नोंद आहे. मंदिर मंत्र्याने उभे केले आणि त्याच्या नित्य खर्चाला पेठेने हात दिला.

त्याच सुमारास, 1202 मध्ये, इटलीतील पीसा या व्यापारी नगराच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, आपला गणिताचा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेतील बुजिया बंदरात पीसाच्या व्यापाऱ्यांचे काम पाहत असत, आणि तेथेच हा मुलगा भारतीय अंक शिकला. ग्रंथात मालाच्या किमती, भागीदारी आणि नाण्यांचे विनिमय यांची उदाहरणे भरपूर आहेत. आपले नऊ अंक आणि शून्य युरोपात रुजले त्यात अशा हिशेबांचा मोठा वाटा आहे. याला 'देवघेव' म्हटले तर ती उपमा नव्हे, तो सरळ अर्थ झाला.

आता जवळच्या शब्दांविषयी थोडेसे. 'देणेघेणे' येथे चालणार नाही. 'मला त्याच्याशी काही देणेघेणे नाही' या नकारी वळणाने आणि लग्नाच्या बोलण्यांनी त्या शब्दाची छटा पार बदलून टाकली आहे. ज्ञानेश्वरांचे 'घेणें देणें' आज जसेच्या तसे परत आणता येत नाही, त्याचे काम आता 'देवघेव' करते. कन्नडमध्येही 'कोडुकोळ्ळुविके' हा शब्द बाजारात आणि संस्कृतीच्या चर्चेत सारखाच वावरतो, आणि त्यातही 'देवघेव'प्रमाणे देणे आधी येते. 'आदानप्रदान'मध्ये, ज्ञानेश्वरांप्रमाणेच, घेणे आधी आहे. या क्रमावरून कोणाच्या स्वभावाचा निष्कर्ष काढू नये, इतकेच सुचवतो.

'आदानप्रदान' परिषदेच्या ठरावात किंवा कुलगुरूंच्या भाषणात बरोबर बसेल. मात्र विद्यार्थ्याच्या वाक्यात 'मालाबरोबर' असा शब्द आहे. मालाचे आदानप्रदान कोणी करत नाही, त्याची देवघेवच होते. म्हणून माल, कला आणि विद्या या तिन्हींना एकच क्रिया लावायची असेल, तर तो एकच शब्द उरतो. गुण कापला असल्यास तो परत द्यावा.