ओट्सना दोष देण्याआधी पाण्यात हात घालून बघा

कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या लवणीत चट्टे, दोनदा ओट्सच्या पाण्यात बसलात, पाण्यात असेपर्यंत स्वर्ग आणि बाहेर आल्यावर तासाभरात खाज दुप्पट. म्हणून ओट्सच बाधले, असं तुम्ही लिहिलंय; ते वाचून मला माझेच दिवस आठवले. पाणी किती गरम होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पैजेवर सांगते, चांगलंच गरम असणार.

खाजेवर कढत पाणी पडलं की जे बरं वाटतं ना, तेच फसवं. मी तर पाणी निवायला लागलं की वरून आणखी गरम ओतायची. पाऊण पाऊण तास! बाहेर आल्यावर पोटऱ्या लालबुंद, आणि रात्री झोपेत खाजवून नखांत कातडीचा भुगा. गरम पाण्याने त्वचेवरचा तेलकट थर धुऊन जातो, रक्तवाहिन्या फुगतात, खाज उसळते. हे मला कुठे माहीत? मला वाटलं ओट्सच कमी पडतायत, म्हणून दुप्पट टाकले. असे तीन आठवडे घालवले.

यात एका दवाखान्याचाही हातभार आहे, नाव घेत नाही. दोन तास बसवलं, आत चार मिनिटं. ओट्सच्या पाण्यात बसू का विचारलं, तर "बसा की, हरकत नाही." पाणी कसं, किती वेळ, नंतर काय लावायचं, एक अक्षर नाही. फोन करून विचारलं तर म्हणे, पुढची अपॉइंटमेंट घ्या. एका वाक्याचं काम होतं हो!

असो. मनगटाच्या आतल्या बाजूला लागलं तर ना गरम ना गार, इतकंच कोमट पाणी. १० ते १५ मिनिटं, घड्याळ लावून. अंग पुसायचं नाही, टॉवेलने टिपायचं, आणि कातडी ओलसर असतानाच बिनवासाचं घट्ट क्रीम थापायचं. माझ्या मते अर्धा गुण या क्रीमचाच असतो. पण ओट्स म्हणजे थोतांड नव्हे. त्यातला बीटा-ग्लुकन नावाचा तंतू पाणी धरून ठेवतो, अ‍ॅव्हेनँथ्रामाइड नावाची द्रव्यं दाह कमी करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली ओट्सच्या बारीक पिठाला त्वचारक्षक म्हणून मान्यताही दिली आहे.

साधे, बिनस्वादाचे ओट्स कोरडेच मिक्सरमधून काढा. चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात ढवळली की पाणी दुधासारखं व्हायला हवं. तळाशी भुसा बसला तर पुन्हा फिरवा. भरल्या टबाला एक कप पुरे. टब नसेल तर त्याच पाण्यात सुती फडकं भिजवून चट्ट्यांवर ठेवा, मला तर तेच जास्त सोयीचं वाटतं.

मी डॉक्टर नाही, हे माझ्या कातडीवरचे प्रयोग. चट्ट्यांतून चिकट पाणी येत असेल, पिवळी खपली धरली असेल, ताप असेल तर हे सगळं सोडून आधी दाखवून या. काहींना ओट्सचीच अ‍ॅलर्जी असते, तेव्हा पहिल्यांदा हाताच्या छोट्याशा भागावर लावून बघा.

आणि टबमधून उठताना कठडा धरा, ओट्सने तळ शेवाळासारखा निसरडा होतो. तो लगेच धुवूनही टाका. वाळलेला थर मी एकदा जुन्या एटीएम कार्डाने खरवडत बसले होते.