चार वर्षांचं मूल पन्नासपर्यंत अंक म्हणतं, पण सात मणी मोजताना चुकतं. असं का?

अंक म्हणणं आणि वस्तू मोजणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, म्हणून. पहिलं निव्वळ पाठांतर. मोजताना मात्र एका मण्याला एकच अंक द्यायचा असतो आणि शेवटचा अंक म्हणजेच एकूण संख्या, हे उमजावं लागतं. गेलमन आणि गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मांडलेली ही तत्त्वं बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमात शिकवतात. मोजून झालं की "एकूण किती?" विचारा. मूल पुन्हा एकपासून सुरू करत असेल, तर ती शेवटच्या अंकाची गोष्ट अजून पक्की नाही. अशा वेळी शंभरपर्यंत घोकून घेऊ नका (बहुतेकदा नेमकं तेच होतं!), तीन-चार मणी एकेक उचलून बाजूला ठेवायला लावा. सहाव्या वर्षीही पाच वस्तूंत गोंधळ होत असेल, तर मात्र तज्ज्ञांना दाखवा.