डब्लिनला येण्याआधी एका सेनेटरची भाषणं वाचा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टरांना डब्लिनमध्ये क्रिटिकल स्किल्स परमिटवर नोकरी मिळाली आहे, लेक चार वर्षांची आहे, दुसऱ्या बाळाला अजून पाच महिने आहेत. तुम्ही विचारलंय की बाळंतपण नाशकात उरकून यावं की इथेच करावं, इथे जन्मलं तर बाळाला आयरिश पासपोर्ट मिळतो का, लेकीच्या शाळेचं काय, आणि शेवटी, "त्या देशात आपलं कुणी ऐकून घेतं का?" भाडी, टॅक्स आणि थंडी यांवर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, ते खरंच आहे. मी तुमच्या या चार प्रश्नांपुरतं लिहितो. यांची उत्तरं मला कुठल्याही एजंटकडून मिळाली नाहीत. ती मिळाली इवाना बाचिक नावाच्या, तेव्हा आयर्लंडच्या संसदेच्या वरच्या सभागृहात (सेनेटमध्ये) असलेल्या बाईंच्या भाषणांतून.

आधी पासपोर्ट. नाही, मिळत नाही. मीही याच समजात होतो. आम्ही सप्टेंबर 2015 मध्ये आलो आणि मार्च 2018 मध्ये मुलगा झाला. जन्मदाखला हातात आला, इंग्रजी आणि आयरिश अशा दोन्ही भाषांत छापलेला. मी तो सांगलीला आईला फोटो काढून पाठवला आणि म्हटलं, हा आपल्या घरातला पहिला आयरिश. आठवड्याभरात एका मित्राने हिशोब विचारला, तेव्हा कळलं. आई-वडील दोघंही परदेशी असतील तर बाळाच्या जन्माआधीच्या चार वर्षांपैकी तीन वर्षं दोघांपैकी एकाचा तरी इथे कायदेशीर मुक्काम झालेला हवा. आमचा अडीच वर्षांचा झाला होता. सहा महिन्यांनी हुकलं. त्यात विद्यार्थी व्हिसावरची वर्षं धरत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

हा नियम कायम नव्हता. पूर्वी या बेटावर जन्मलेलं प्रत्येक मूल आपोआप नागरिक व्हायचं. जून 2004 मध्ये सार्वमत झालं, 79 टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिलं, आणि 1 जानेवारी 2005 पासून जन्माचा तो हक्क गेला. मी त्या मतदारांना दोष देत नाही. पण त्याचा अर्थ काय झाला ते 2018 च्या ऑक्टोबरात सगळ्या देशाने पाहिलं. डब्लिनच्या दक्षिणेला ब्रे नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या शाळेतल्या नऊ वर्षांच्या मुलाला आईबरोबर चीनला पाठवायची वेळ आली होती. मुलगा जन्मला इथेच, चीन त्याने कधी पाहिलेला नव्हता. वर्गातली मुलं आणि शिक्षक त्याच्यामागे उभे राहिले, हजारो सह्या झाल्या.

त्याच नोव्हेंबरात बाचिक यांचं विधेयक सेनेटमध्ये चर्चेला आलं. इथे जन्मून इथेच काही वर्षं वाढलेल्या मुलाला नागरिकत्वाची वाट खुली करावी, एवढीच मागणी. माझा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा. रात्री त्याला मांडीवर घेऊन एका हातात दुधाची बाटली आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून मी ती चर्चा वाचली. एरवी फक्त फॉर्म, फी आणि रांगा यांच्याशीच गाठ पडते. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, माझ्या पोराविषयी या देशाच्या सभागृहात कुणीतरी नीट, मुद्देसूद बोलतंय. सरकारचा विरोध असताना दुसऱ्या वाचनात विधेयक मंजूर झालं. पुढे ते जसंच्या तसं कायदा झालं नाही. पण विषय मेला नाही. 2023 मध्ये इथे जन्मलेल्या अशा मुलांसाठी अर्जाआधीची राहण्याची अट पाच वर्षांवरून तीनवर आली.

म्हणजे तुमचा हिशोब असा. बाळ नाशकात झालं किंवा इथे झालं, जन्मतः ते भारतीयच. फरक नंतर पडतो. इथे जन्मलं तर तीन वर्षांनी त्याच्या नावाने अर्ज करता येतो. नाशकात जन्मलं तर तुमच्यापैकी एक जण नागरिक होईपर्यंत थांबावं लागतं, आणि मोठ्यांना पाच वर्षं लागतात, वर अर्ज निकाली निघायचा वेळ वेगळा. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे आयरिश झाल्यावर मुलासाठी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) काढावं लागेल. एवढ्यासाठी मात्र सातव्या महिन्यात विमानात बसू नका. आईची तब्येत आणि मदतीला माणूस, हे आधी. इथे वास्तव्य धरलं गेलं की सरकारी योजनेत बाळंतपणाचा खर्च लागत नाही, पण पहाटे तीन वाजता बाळ रडलं तर उठायला तुम्ही दोघंच असता.

बाळंतपणाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. बेळगावच्या सविता हलप्पनवार 2012 मध्ये इथल्या गॉलवे शहरातल्या रुग्णालयात वारल्या. गर्भ वाचणार नव्हता, तरी त्यांना वेळेवर गर्भपात मिळाला नाही. तुमच्या घरचे तुम्हाला ती बातमी दाखवतील, म्हणून सांगतो: तो कायदा आता नाही. गर्भपातावर बंदी आणणारी 1983 ची घटनादुरुस्ती 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के मतांनी काढून टाकली गेली. बाचिक या लढ्यात 1989 पासून होत्या. ट्रिनिटी कॉलेजच्या विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्ष असताना गर्भपाताची माहिती दिली म्हणून त्यांच्यावर खटला भरला होता, आणि वकील होत्या मेरी रॉबिन्सन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या.

सेनेट म्हणजे काय, तर आपली विधान परिषद डोळ्यांसमोर आणा. इथे तिला शॅनड म्हणतात. 60 सदस्य. 11 जणांना पंतप्रधान नेमतात, 43 जण शेती, कामगार, शिक्षण अशा पाच पॅनेलांतून येतात, आणि 6 जण पदवीधर निवडतात. बाचिक ट्रिनिटीच्या पदवीधरांच्या मतांवर 2007 ते 2021 तिथे होत्या. आपल्या राज्यसभेतले 12 नियुक्त सदस्य ही कल्पनाही आयर्लंडच्या घटनेवरूनच आलेली आहे. शॅनडला कायदा अडवता येत नाही, फार तर 90 दिवस लांबवता येतो. 2013 मध्ये ती बंदच करावी का यावर मतदान झालं, 51.7 टक्क्यांनी वाचली. मला वाटतं बरं झालं वाचली. ज्यांची मतं नाहीत अशा माणसांचे प्रश्न मी तिथेच जास्त ऐकले. बाचिक यांचे आजोबा स्वतः चेकोस्लोव्हाकियातून आलेले, वॉटरफर्डच्या काचेचा कारखाना उभारणाऱ्यांपैकी एक.

आता शाळा. इथल्या साधारण 90 टक्के प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या आश्रयाखाली आहेत. आमच्या लेकीसाठी 2016 च्या जानेवारीत मी एका शाळेचा फॉर्म आणला. तिसऱ्या ओळीत बाप्तिस्म्याची तारीख विचारली होती. मी ती जागा रिकामी सोडली आणि नाव प्रतीक्षायादीच्या तळाला गेलं. तेव्हाच्या कायद्यात जागा कमी असतील तर आपल्या धर्माच्या मुलांना आधी घ्यायची मुभा होती, त्यामुळे शाळेने काही बेकायदा केलं नव्हतं. याविरुद्ध बाचिक सेनेटमध्ये सतत बोलत राहिल्या. 2018 च्या प्रवेश कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांसाठी ही अट रद्द झाली. तुमच्या लेकीला ती रिकामी ओळ भरावी लागणार नाही.

पण प्रवेश मिळाला म्हणजे सगळं झालं असं नाही. दुसरीच्या वर्गात फर्स्ट कम्युनियन या कॅथलिक मुलांच्या धार्मिक विधीची तयारी चालते. आमची लेक तेवढा वेळ मागच्या बाकावर चित्रकलेची वही घेऊन बसायची. एकदा वहीत तिने पांढऱ्या झग्यातल्या तिच्या सगळ्या मैत्रिणी काढल्या होत्या, ओळीने, आणि शेवटी परकर-पोलक्यात स्वतः. बाई चांगल्या होत्या, कुणी दुखावलं नाही. तरी ते पान मी जपून ठेवलंय. तुम्हाला हे नको असेल तर एज्युकेट टुगेदरच्या शाळा बघा, तिथे एका धर्माची शिकवण नसते. जागा लवकर भरतात, तेव्हा घर शोधण्याआधी शाळा शोधा.

राहिला शेवटचा प्रश्न, आपलं कुणी ऐकून घेतं का. नागरिक नसलात तरी इथे राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला स्थानिक निवडणुकीत मत आहे, उभंही राहता येतं. आणि त्या 43 सेनेटरांना निवडून कोण देतं? खासदार, सेनेटर, आणि सर्वांत जास्त मतं नगरसेवकांची, देशभरात 949. म्हणजे तुमच्या दारावर पत्रक घेऊन येणाऱ्या माणसाला तुम्ही दिलेलं मत एका पायरीने सेनेटपर्यंत जातं. आपली बरीच मंडळी दहा-दहा वर्षं राहून नाव नोंदवत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) आला की त्याच आठवड्यात मतदारयादीत नाव घाला, ऑनलाइन होतं.

ही सगळी भाषणं संसदेच्या वेबसाइटवर फुकट आहेत, सदस्याचं नाव टाकून शोधता येतात. 2018 च्या नोव्हेंबरातली नागरिकत्वाची चर्चा आधी वाचा, मंत्र्यांचं उत्तरही वाचा, कारण नियमामागचा सरकारचा विचार तिथे कळतो. मग शाळाप्रवेशाची. बाचिक आता खालच्या सभागृहात आहेत. आणि मिस्टरांची रुजू व्हायची तारीख नक्की झाली की मला कळवा, आमच्या ब्लँचर्ड्सटाउन भागातल्या कुठल्या शाळेत जागा आहे ते मी विचारून ठेवतो.