वाचकांचे प्रश्न : आधी ओल, मग रंग

प्रश्न : नाशिकच्या इंदिरानगर भागात सुमारे 25 वर्षे जुन्या इमारतीतील शेवटच्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही श्रावणात विकत घेतला. दसऱ्याला राहायला जायचे, असे सासूबाईंनी ठरवले आहे. एका बेडरूमच्या छताचा कोपरा काळवंडला आहे आणि बाथरूमलगतच्या भिंतीचे पोपडे निघत आहेत. ठेकेदार म्हणतो की, वॉटरप्रूफ पुट्टी मारून, पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिसचे) छत करून आणि मॉड्युलर किचन बसवून महिनाभरात घर हातात देतो. कामे कोणत्या क्रमाने करावीत? — एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आपल्या पत्रात मला पहिली अडचण दिसली ती दसऱ्याच्या तारखेत. नाशिकचा पाऊस सप्टेंबर संपेपर्यंत असतो आणि काही वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. पावसाने भिजलेली भिंत त्यानंतर सुकायला लागते, आणि गिलावा नव्याने केला तर त्याला किमान सात दिवस पाणी मारून पुढे साधारण चार आठवडे मोकळे सोडल्याशिवाय त्यावर पुट्टी लावू नये. या हिशेबात दसरा बसत नाही. सासूबाईंच्या शब्दाला मान देऊन दसऱ्याला वास्तुपूजन आणि कलशपूजन त्याच उघड्या भिंतींमध्ये करून घ्यावे, सामान मात्र भिंती सुकल्यावर हलवावे. मुहूर्त साधला जातो आणि भिंतींनाही वेळ मिळतो. माझ्या ओळखीच्या अनेक घरांनी हा मार्ग काढला आहे, आणि कोणाच्या घरात त्यावरून रुसवा झाल्याचे ऐकिवात नाही.

ठेकेदाराच्या बोलण्यातला खरा धोका पीओपीच्या छतात आहे. छतातून येणारे पाणी पीओपीने थांबत नाही, ते दिसेनासे होते. वर स्लॅब ओला राहतो आणि आतली सळई गंजते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे तो काँक्रीटला आतून ढकलतो, आणि एके दिवशी स्लॅबचा तुकडा पीओपीसकट खाली येतो. म्हणून तो काळवंडलेला कोपरा आधी मिस्त्रीकडून हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावा. बद्द आवाज आला, तांबूस डाग दिसले किंवा सळई उघडी पडलेली असली, तर पुढचा एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवावे. आतून लावलेल्या वॉटरप्रूफ पुट्टीचेही तसेच आहे. पाणी ज्या बाजूने येते त्याच बाजूने अडवावे लागते, हा नियम कोणत्याही डब्यावरच्या जाहिरातीने बदलत नाही.

श्रावणात ताबा मिळाला, हे मी आपले नशीबच समजतो. उन्हाळ्यात विकत घेतलेले घर आपले दोष जूनपर्यंत झाकून ठेवते. आपल्याला ते आत्ताच दिसत आहेत. प्रत्येक ओल्या डागाची कड पेन्सिलने आखून शेजारी तारीख लिहावी. मोठी सर पडून गेल्यावर आणि दोन-तीन दिवस उघडीप मिळाल्यावर पुन्हा कड आखावी. पावसाबरोबर वाढणारा आणि उघडिपीत आकसणारा डाग गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून आलेला असतो. पावसाशी देणेघेणे नसलेला, कायम एकसारखा ओला डाग बहुधा नळाच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपचा असतो. नळाच्या लाइनबद्दल शंका असेल, तर रात्री घरातले सर्व नळ बंद करून फ्लॅटच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. कोणी पाणी वापरलेले नसताना आकडा सरकला असेल, तर गळती भिंतीत आहे. भिंत आतून ओली आहे की खोलीतली हवाच दमट आहे, हे कळण्यासाठी फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून दिवसभर ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली आहे.

छताच्या गळतीचा खर्च आपला नाही, ही गोष्ट बऱ्याच नव्या खरेदीदारांना माहीत नसते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची दुरुस्ती आणि गच्चीतल्या गळतीमुळे शेवटच्या मजल्यावरील फ्लॅटच्या छताचे व त्यावरील गिलाव्याचे झालेले नुकसान भरून काढणे हे संस्थेचे काम आहे. सेक्रेटरींना तोंडी सांगण्यात अर्थ नाही. तारीख लिहिलेल्या डागांच्या छायाचित्रांसह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. त्यासाठी भागदाखला आपल्या नावावर होण्याची प्रक्रिया आधी सुरू केलेली असावी, नाहीतर कमिटीतले कोणी ना कोणी «तुम्ही अजून सभासद कुठे आहात?» असे हमखास विचारते. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांवर केलेला सिमेंटचा थर) असेल, तर तो फुटला आहे की फक्त पावसाळी पाइपच्या तोंडाशी सांधा सुटला आहे, हे पाहिल्याशिवाय संपूर्ण गच्चीचे काम मागू नये. अनेकदा कचऱ्याने तुंबलेली एक जाळीच सगळ्या त्रासाचे मूळ असते.

बाथरूमचे काम मात्र पूर्णपणे आपले आणि तेही मुळापासून करण्याचे आहे. त्या काळच्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बहुतेक वेळा खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो. जुनी फरशी तशीच ठेवून वर नवी टाइल चिकटवल्यास तो ओला भराव आत तसाच राहतो आणि लगतची भिंत पोपडे टाकत राहते. फरशी, भराव, जुने लोखंडी पाइप सारे काढून स्लॅबपर्यंत जावे. मग गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीची (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपची) नवी लाइन टाकून तिची दाबाची चाचणी घ्यावी, नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडाच्या) भोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सांधे भरण्याच्या मसाल्याने, भरावी आणि वॉटरप्रूफिंगचा थर जमिनीवरून भिंतीवर किमान फूटभर, शॉवरच्या बाजूला त्याहून बराच वर चढवावा. त्यानंतर ट्रॅपला बोळा लावून पाणी भरावे आणि 48 तास तसेच ठेवावे. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी, दुसऱ्या दिवशी त्यांचे छत स्वतः जाऊन पाहावे. चहा मिळतो आणि पुढच्या दहा वर्षांचे संबंधही सुधारतात. ही चाचणी झाल्याशिवाय टाइल लावू देऊ नये. टाइल लावताना ट्रॅपकडे मीटरमागे साधारण 1 सेंटिमीटर उतार हवा. तो बादलीभर पाणी ओतून तपासावा, गवंड्याच्या शब्दावर सोडू नये.

भिंती फोडलेल्याच असतात, तेव्हा वायरिंगही याच वेळी बदलून घ्यावे. 25 वर्षांपूर्वीच्या फ्लॅटमधील वायरिंग हे दिवे, पंखे, टीव्ही आणि फ्रिज यांच्या अंदाजाने केलेले होते. आज 2,000 वॉटचा गीझर, 2,000 वॉटची इंडक्शन शेगडी आणि 1,700 वॉटचा एसी एकाच वेळी चालू झाला, तर 230 व्होल्टला सुमारे 25 अँपिअरचा भार येतो. दिव्यांसाठी 1.5, साध्या प्लगसाठी 2.5 आणि गीझर व एसीसाठी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येकाची स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), एवढे वायरमनकडून लिहून घ्यावे. एमसीबी वायरला जपतो, माणसाला जपत नाही. माणसासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट जोडलेले अर्थिंग लागते. ओल्या भिंतीच्या घरात या एका वस्तूवर काटकसर करणे मला अजिबात मान्य नाही. वीजबिल आपल्या नावावर करून घेताना मंजूर भार किती आहे तेही पाहावे आणि कमी असल्यास महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करावा.

किचनबद्दल थोडक्यात सांगतो. ओट्याखालच्या कपाटांना पाण्याला टिकणारे, आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेले प्लायवूड वापरावे, निदान सिंकखाली तरी. सोसायटीत बोअरचे जड पाणी मिसळत असेल तर गीझर आणि नळ निवडण्यापूर्वी शेजाऱ्यांच्या नळांवर पांढरे थर बसतात का ते पाहावे. सुतारकाम उरकल्यावरच रंगाचा शेवटचा हात द्यावा, कारण सुताराच्या हातून रंगलेली भिंत खरचटली नाही, असे मी अजून पाहिलेले नाही.

ठेकेदाराला सगळे काम अंगावर देताना उचल कमीत कमी द्यावी, पुढचे पैसे कामाच्या टप्प्यांना बांधावेत आणि त्यात «पाणी भरून चाचणी पूर्ण» हा एक टप्पा स्पष्ट लिहावा. जुन्या घरात फरशी उचलल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही, म्हणून ठरलेल्या अंदाजावर पाचवा हिस्सा वेगळा ठेवलेला बरा. राडारोडा कोठे टाकणार, हेही त्याला आधी विचारावे. नासर्डी नदीच्या काठावर रात्री रिकामा होणारा ट्रॅक्टर आपल्या घरातून निघालेला नसावा.

प्रश्न : पंचवटीत नदीपासून जवळच्या गल्लीत आम्ही एक जुने दुमजली घर घेतले आहे. भिंती जाड विटांच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या, तुळया सागवानी. भिंतींना खालून तीन-चार फुटांपर्यंत पांढरा खार फुटतो आणि एका तुळईजवळ वाळवीची माती दिसते. सगळा गिलावा काढून सिमेंटचा करावा का? — एक वाचिका, पंचवटी

उत्तर : करू नये. अशा घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी विटांमधून वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत उडून जाते. जाताना ते क्षार मागे ठेवते. तोच आपल्याला दिसणारा खार. सिमेंटच्या गिलाव्याने ही वाट बंद होते आणि पाणी आणखी वर चढून तुळयांच्या टोकांपर्यंत पोहोचते, जे सागवानालाही मानवत नाही. खराब झालेला भाग काढून पुन्हा चुन्याचाच गिलावा करावा आणि वर प्लास्टिक पेंटऐवजी चुन्याची सफेदी द्यावी. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता कमी उरले आहेत, परंतु जुन्या नाशकात विचारपूस केल्यास मिळतात. खार ब्रशने कोरडाच झाडावा. पाण्याने धुतल्यास तो पुन्हा भिंतीत शिरतो.

वाळवीसाठी फक्त तुळईवर औषध मारून भागत नाही, कारण तिचे वारूळ जमिनीत असते. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर सुमारे 30 सेंटिमीटरच्या अंतराने 12 मिलिमीटरची भोके पाडून त्यांत औषध सोडतात आणि भोके बंद करतात. हे काम नवी फरशी बसवण्यापूर्वी करून घ्यावे. तुळई पोखरली आहे का, हे जाड सुई टोचून पाहता येते. सुई सहज आत गेली तर टेकू लावूनच पुढचे काम करावे.

आपल्या पत्रात नसलेला एक मुद्दा मांडणे मला आवश्यक वाटते. गोदावरीचा पूर नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर मोजतात, आणि 2008, 2016 व 2019 सालच्या पुरांत नदीकाठच्या गल्ल्यांत पाणी कोठवर आले होते, हे आपल्या शेजारच्या दुकानदाराला बोट दाखवून सांगता येईल. ती खूण भिंतीवर करून घ्यावी आणि विजेचे बोर्ड, मीटर व इन्व्हर्टर त्या खुणेच्या वर बसवावेत. तळमजल्यावर प्लायवूडची कपाटे करू नयेत. कडाप्प्याच्या फळ्या पुरातही टिकतात. घर निळ्या पूररेषेच्या आत असेल, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या कक्षेत, तर दुरुस्तीपलीकडचे कोणतेही बांधकाम करण्यापूर्वी महानगरपालिकेच्या नगररचना विभागात चौकशी करावी.

प्रश्न : गंगापूर रोडच्या बाजूला नव्या प्रकल्पात फ्लॅटचा ताबा दोन महिन्यांपूर्वी मिळाला. खिडकीखाली भिंतीला तडा आहे आणि बाल्कनीतले पाणी उलट हॉलकडे येते. राहायला जाण्याआधी आम्ही स्वतःच्या खर्चाने हे करून घेत आहोत. योग्य आहे का? — एक वाचक

उत्तर : थोडे थांबावे. स्थावर संपदा कायदा, 2016 (रेरा) च्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. आपण आज बाल्कनीची फरशी उखडली, तर उद्या दोष मुळात कोणाचा होता यावरच वाद सुरू होईल. पाणी हॉलकडे येताना दिसेल असे चित्रीकरण करावे, तड्याशेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे आणि ते पत्रासोबत रजिस्टर पोस्टाने व ईमेलने विकासकाला पाठवावे. तडा केसाएवढा आणि फक्त गिलाव्यातला असेल तर घाबरण्याचे कारण नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला आणि महिन्याभरात रुंदावणारा तडा मात्र स्वतंत्र इंजिनिअरला दाखवावा. तोवर पडदे, दिवे, कपाटे अशी ज्यांना या दोन जागांचा संबंध नाही ती कामे खुशाल सुरू ठेवावीत.